रेवूची आण

“हे दोन कागद एकमेकांशी भांडतायत,” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “रक्त म्हणतंय पोरगी सुधारली. लघवी म्हणतेय आत काहीतरी जळतंय.”

मी खुर्चीच्या कडेवर बसले होते. मांडीवर रेवू, माझी लेक. सहा वर्षांची, पण औषधांनी अंग धरलेली, त्यामुळं मांडी अवघडून गेली होती. शेजारी आत्याबाई, माझ्या सासूबाई, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. विट्याहून पहिली एसटी धरून मिरजेच्या या दवाखान्यात यायचं, हे आमचं गेली दोन वर्षं चाललं होतं.

रेवूचं दुखणं असं, की सकाळी उठली की पापण्या सुजलेल्या, मग पाय, मग पोट. अंगातलं प्रथिन लघवीवाटे गळून जायचं. गोळ्या चालू केल्या की गळती थांबायची, कमी केल्या की परत सुरू. त्या गोळ्यांनी चेहरा पुरीसारखा टम्म झाला होता. शाळेत पोरं तिला भोपळा म्हणायची. आत्याबाईंचं ठाम मत होतं की मूळ आजार गोळ्यांचाच. “चांगली पोर होती माझी, औषधानं नासवली,” असं त्या आमच्या दुकानात बांगड्या भरायला आलेल्या बायकांनाही सांगायच्या. मागच्या खेपेला डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, या वेळची लघवी स्वच्छ आली तर गोळ्या निम्म्या करू.

“ही तपासणी नवी आहे,” डॉक्टरबाई मला समजावू लागल्या. “मुलांसाठी आत्ता सुरू केलीय. रक्तात आपण जे बघतो ना, ते वाढलेलं दिसेपर्यंत निम्मी किडनी गेलेली असते. आणि लहान मुलांत ते आणखीच फसवतं. म्हणून लघवीत एक वेगळं प्रथिन शोधायचं. किडनीतल्या बारीक नळ्यांना इजा झाली की ते लगेच उतरतं. भात करपला की धूर नंतर दिसतो, वास आधी येतो. हा तो वास आहे.”

“म्हणजे हिची किडनी...”

“तेच कोडं आहे. हिची नेहमीची गळती बंद आहे, अगदी निरोगी मुलासारखी. आणि ही खूण मात्र भलतीच वाढलीय. हिच्या आजारात हे बसत नाही. सकाळची पहिलीच लघवी आणली होती ना?”

“व्हय,” आत्याबाई म्हणाल्या. “म्याच भरली बाटली.”

ते खरंच होतं. पहाटे स्नान झालं की पूजा आणि पोथीचा अध्याय पुरा होईपर्यंत मी देवासमोरून उठत नाही, कुणाशी बोलतही नाही. लग्नाआधीपासूनचा नेम आहे तो. रेवू नेमकी त्याच वेळी उठायची. म्हणून बाटलीचं काम आत्याबाईंनी आपणहून मागून घेतलं होतं.

“सोमवारी परत एक नमुना आणा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तो स्वच्छ आला, तर हा चुकलाय असं धरून सोडून देऊ. बाटलीत काही गेलं असेल, काहीही असेल. पण तसाच आला, तर भरती करून सुईनं किडनीचा बारीक तुकडा काढावा लागेल. बघू मग.”

बाहेर व्हरांड्यात एक लांब बाक होता. आत्याबाईंनी रेवूचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिला आडवं केलं. तिनं डोळे मिटले. मी दुसऱ्या टोकाला बसले आणि मला रडू फुटलं. आवाज न करता रडायची सवय असते आपल्याला.

“डोळं पूस,” आत्याबाई म्हणाल्या. “माणसं बघत्यात.”

“सुई घालणार म्हणतात.”

“न्हाई घालत.”

“तसाच आला तर, म्हणाल्या ना.”

“न्हाई येत तसा.” त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि माझ्याकडं सरकल्या. “शालन, तुला एक सांगते. पर आधी पालीच्या खंडोबाची आण. आणि हे बघ, ह्यो माझा हात रेवूच्या डोक्यावर हाय. कुणाला बोललीस तर हिच्यावर जाईल.”

आण घालायला समोरच्याची परवानगी लागत नाही. कुणी घातली की ती आपल्या अंगावर पडते, नको म्हणायला सवडच नसते. मी नुसती मान हलवली, आधी काय ते कळू दे म्हणून.

“ती लघवी रेवूची न्हवतीच.”

मला आधी काही उमगेना. मग उमगलं, आणि माझ्या आतली गाठच सुटली. रेवूची नव्हती. रेवूच्या आत काही जळत नव्हतं. रक्त खरं बोलत होतं. मी तिथंच हात जोडले.

“हां, अशी हस,” आत्याबाई म्हणाल्या. त्यांचे डोळेही भरले होते. “मला काय कळत न्हाई व्हय? एवढ्याशा पोरीला मूठभर गोळ्या. म्हटलं स्वच्छ रिपोट बघितला तर बाई कमी करंल. कमी केल्या की पोर आपोआप सुधारंल. तेवढ्यासाठी केलं बघ.”

मी हसतच होते. हसता हसताच विचारलं, “मग कुणाची होती?”

“मल्हारची.”

मल्हार म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंचा मुलगा, घरातला एकुलता एक नातू. रेवूहून दोन वर्षांनी मोठा.

“घरात त्याच्यावानी निरोगी कोन हाय?” आत्याबाई सांगत होत्या. “पैलवान गडी. तांब्याभर पाणी एका दमात पितोय. म्हटलं, त्याची दिली की काचंवानी येईल.”

तांब्याभर पाणी. दिवसातून कितीदा तरी प्यायचा तो, आणि आम्ही सगळ्याजणी कौतुकानं बघायचो. आठ वर्षांचा होऊनही अंथरूण ओलं करायचा. अक्का, म्हणजे माझ्या जाऊबाई, सकाळी गोधडी वाळत घालताना त्याला बोलायच्या आणि तो दाराआड उभा राहायचा. वर्गात सगळ्यांत पुढं उभं करत होते त्याला, उंचीनं कमी म्हणून. हे सगळं मला ठाऊक होतं. पण ते असं एका ओळीत कधी आलं नव्हतं.

“आत्याबाई,” मी म्हणाले, “मग जळतंय ते मल्हारचं.”

“गप बस.”

“त्याचीच लघवी होती ना?”

“त्याला काय धाड भरलीय? मशीनची चूक हाय ती. बाईच म्हणाली न्हवं, बाटलीत काय गेलं आसंल.”

“सोमवारी रेवूची खरी लघवी स्वच्छ आली की त्या म्हणणार आधीचा रिपोर्ट चुकीचा. मग त्या पोराकडं कोण बघणार?”

“नसंल बघायचं तर न बघंनात.”

“अंथरूण ओलं करतो अजून.”

“थंडीचं.”

“उन्हाळ्यातही करत होता.”

आत्याबाईंचा हात रेवूच्या केसांतून फिरत होता, सारखा, एकाच जागी.

“सुटली म्हणा,” मी म्हणाले.

आण घालणाऱ्यानंच सुटली म्हटलं की ती उतरते. पोरंसुद्धा खेळात एवढं पाळतात. एकच शब्द होता.

“म्हणायला काय जातंय माझं,” आत्याबाई म्हणाल्या. “पर मग थोरलीला कळंल. तिच्या पोराचं मूत चोरून तुझ्या पोरीच्या नावावर खपवलं, असं म्हणंल ती. तू पहाटे देवात असतीस शालन. माझे गुडघे धरलेले असत्यात. मला उठवून कोन बसवतंय? ती. पाठीला ऊन ऊन पाणी कोन घालतंय? ती. ह्या वयात मी कुठं जाऊ?”

“मी करीन ना तुमचं.”

“तुझं देवाचं आटपल्यावर?” त्या रागानं नव्हत्या म्हणाल्या. खरंच विचारत होत्या.

माझ्यापुढं वाट होती, आणि ती सरळ होती. गप्प बसायचं. सोमवारी रेवूची बाटली भरून आणायची, डॉक्टरबाई हसून कागद फाडतील, गोळ्या कमी होतील, आण पाळली जाईल, आत्याबाईंचं म्हातारपण नीट जाईल. मल्हारचं काय, तर देव बघेल. मी माझ्या देवाला ओळखून आहे, तो बघतो. पण त्या बाकावर बसून मला पहिल्यांदाच वाटलं, की त्यानं बघायचं ते बघून झालंय, आणि आता तो माझ्याकडं बघतोय. आणि मी तोंड उघडलं तर ज्या डोक्यावर हे पडणार, ते माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. आत्याबाईंच्या मांडीवर, केसांना तेल लावलेलं, मीच सकाळी विंचरलेलं.

शिपायानं शेवटचं नाव पुकारलं. एक बाई तान्हं बाळ घेऊन आत गेली आणि लगेच बाहेरही आली. आत डॉक्टरबाई पर्स उचलत असल्याचा आवाज आला.

मी उठले. आत्याबाईंनी माझा पदर धरला.

“रेवूची आण हाय, शालन.”

“सोडा,” मी म्हणाले.

“तुझ्या पोटची हाय ती.”

त्यांची बोटं मीच सोडवली. एकेक करून, हळूच. दुखू नये म्हणून.

डॉक्टरबाई दारातच भेटल्या. “काय विसरलं?”

“तो नमुना माझ्या मुलीचा नाही,” मी म्हणाले. “माझ्या पुतण्याचा आहे. आठ वर्षांचा आहे.”

मला वाटलं होतं त्या रागावतील. त्या परत आत जाऊन बसल्या आणि त्यांनी कागद पुढं ओढला. पाणी किती पितो, वाढ कशी आहे, ताप येतो का, अंथरूण भिजतं का, सगळं विचारलं. “लघवीला जोर करावा लागतो का? धार बारीक येते का?”

“मी चुलती आहे, बाई. एवढं मला ठाऊक नाही.”

“उद्या घेऊन या त्याला,” त्या म्हणाल्या. “सोमवारी नाही. उद्या.”

एसटीत आत्याबाई खिडकीशी बसल्या, मी कडेला, मधे रेवू. तिनं वाटेत पाणी मागितलं नाही, चिंचा मागितल्या नाहीत. दमली असेल म्हटलं. तासगाव गेल्यावर आत्याबाई एवढंच म्हणाल्या, “घरात मी कायबी कबूल करणार न्हाई.”

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. खाली बांगड्यांचं दुकान, वर आम्ही सगळे. हे आणि थोरले भाऊजी दुकान बंद करून वर आले, चहा झाला, आणि मी स्टोव्हपुढं उभी राहूनच सगळं सांगितलं. बसून सांगण्याचं धाडस झालं नाही.

अक्का आधी हसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की मी चेष्टा करत नाही.

“म्हणजे दुखणं माझ्या पोराला.”

“तपासून घ्यायचं आहे अक्का. उद्याच.”

“तुझ्या पोरीचा रिपोर्ट वाईट आला, तो तुला सोसवेना. म्हणून माझ्या मल्हारच्या माथी मारतेस. बरोबर ना?”

“तसं नाही.”

“मग कसं? देवाची माणसं तुम्ही. पहाटे उठून घंटा वाजवायची आणि दिवसा हे उद्योग. बाटली भरली कुणी? आत्याबाईंनी. त्या शेजारीच बसल्यात. विचारूया की.”

भाऊजींनी विचारलं. “आई, ही काय म्हणतीय?”

आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी कुणाकडं बघितलं नाही. “मला काय ठावं न्हाई बाबा. पोरीच्या काळजीनं तिचं डोस्कं चालंना झालंय.”

ह्यांनी माझ्याकडं वळून अगदी हलकेच विचारलं, “तुला नीट ऐकू आलं होतं ना? दवाखान्यात गोंधळ असतो.” मला ठाऊक आहे, त्यांना माझी बाजूच घ्यायची होती. पण तेवढ्यानं मी त्या स्वयंपाकघरात अगदी एकटी झाले. आण मोडून बसले होते, आणि मोडलेल्या आणेचा कुणाला उपयोग नव्हता. अक्कांनी मल्हारला नेऊच दिलं नाही, तर मी कुणाच्या दारात जाणार होते?

तेवढ्यात मल्हार खेळून आला. सरळ पाण्याच्या पिंपाकडं गेला आणि तांब्या बुडवला. आम्ही सगळे त्याच्याकडं बघत राहिलो. तो पीत होता, घटघट, डोळे मिटून. संपल्यावर त्यानं तोंड पुसलं आणि एवढी माणसं आपल्याकडंच बघतायत हे बघून घाबरला.

“मी काय नाय केलं,” तो म्हणाला.

“इकडं ये,” अक्का म्हणाल्या. “गेल्या आठवड्यात आजीनं तुला बाटलीत शू करायला लावली होती का रे?”

मल्हारनं आजीकडं बघितलं. मग जमिनीकडं.

“सांग की. नाही म्हण आणि जा खेळायला.”

“मला बोलता येत नाही,” मल्हार म्हणाला.

“का?”

“आण आहे.”

“कुणाची आण?”

तो रडवेला झाला. “तुझी. बोललो तर तू मरशील.”

स्टोव्हवर दूध ठेवलं होतं, ते उतू गेलं. कुणीही हललं नाही. अक्कांच्या चेहऱ्यावरचा राग जागच्या जागी थांबला; दुसरं काय आणावं तिथं, ते त्यांना कळत नव्हतं.

मग आत्याबाई भिंतीला हात धरून उठायला लागल्या. गुडघ्यांनी साथ दिली नाही. सवयीनं अक्का पुढं झाल्या, थबकल्या, आणि मग त्यांनी हात दिलाच. आत्याबाई तशाच, अर्ध्या उठलेल्या, सुनेच्या हाताला धरून म्हणाल्या,

“सुटली, राजा. सुटली. सांग आईला.”

“आजीनं गूळशेंगा दिल्या,” मल्हार भडाभडा बोलू लागला. “म्हणाली, तू शू दिलीस की रेवू बरी होईल. मी लगेच दिली. मला खूप आली होती.”

अक्कांनी सासूबाईंना नीट बसवलं. पदर खोचला. सांडलेल्या दुधावर फडकं टाकलं. माझ्याकडं न बघता विचारलं, “पहिली एसटी कितीला असते?”

मल्हारच्या मूत्रमार्गात जन्मापासूनच एक अडथळा होता. लघवी मागं तुंबत होती आणि दोन्ही किडन्यांवर चढत होती. उजवी जवळजवळ वाया गेली होती. डावी, डॉक्टरबाईंच्या शब्दांत, नुकती करपू लागली होती. ऑपरेशन झालं. ती एक किडनी त्याला पुरली, आजवर पुरतेय.

अक्का आत्याबाईंना शेवटपर्यंत पहाटे उठवून बसवत राहिल्या. त्यांच्याशी बोलायला मात्र वर्ष लागलं.

आणि रेवू. सोमवारचा तिचा खरा नमुना स्वच्छ आला होता. मल्हारचे टाके काढले त्याच आठवड्यात तिच्या पापण्या परत सुजल्या, आणि या वेळी फार वाईट सुजली ती. पोटात पाणी झालं, महिनाभर मिरजेला भरती होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, या आजाराची चालच अशी; येतो, जातो, वयात येताना बहुतेकांचा कायमचा जातो. तिचाही गेला. पण तो महिना मी तिच्या उशाशी एकच गोष्ट घोळवत होते. आत्याबाईंनी सुटली म्हटलं ते तिन्हीसांजेला. मी बोलले होते दुपारी. आणि त्यांनी म्हटलं तेही मल्हारला म्हटलं होतं. मला नाही. नेमाधर्माच्या बाईला असलं कुणी समजावू शकत नाही. मी कुणाला विचारलंही नाही.

गेल्या वैशाखात मल्हारचं लग्न झालं. मुलीकडच्यांना किडनीचं आधीच सांगितलं होतं, ते भले लोक. हळदीच्या दिवशी मी आणि रेवू माडीवर वाट्या भरत होतो. बँकेत नोकरी करते ती आता. खालून बायकांच्या गाण्याचा आवाज येत होता.

“आई,” ती म्हणाली, “त्या दिवशी दवाखान्यात मी झोपले नव्हते.”

कुठल्या दिवशी, हे मी विचारलं नाही.

“आजीचा हात डोक्यावर होता. जड होता. मी डोळे मिटूनच होते.”

“सगळं ऐकलंस?”

“मग तू उठून आत गेलीस.” ती वाटीची कड बोटानं पुसत होती. “मी मनात म्हटलं, आईनं माझ्याऐवजी मल्हारदादाला घेतलं.”

माझ्या हातातला डबा मी खाली ठेवला.

“आणि परत सुजायला लागले, तेव्हा वाटलं, आता आपली पाळी. त्या महिन्यात रोज वाटायचं.”

“रेवू. एवढीशी होतीस. मला एका शब्दानं बोलली का नाहीस?”

तिनं माझ्याकडं बघितलं. तिला प्रश्नच कळला नव्हता, असं वाटलं.

“काय बोलायचं? दादा बरा होत होता की.”

खालून मल्हारनं तिला हाक मारली. ती उठली, दोन्ही हातांत वाट्या घेतल्या आणि जिना उतरून गेली.